मावशींची सरकारी इस्टेट

वसमतमधल्या एकूण एक सरकारी इमारती, त्यांचे व्हरांडे, नळ, पंखे, बाकडी आणि आवारातली कडुनिंबाची झाडं ही सगळी एका बाईच्या मालकीची होती, आणि ती बाई आमच्या कचेरीच्या कुंपणाला पाठ टेकून भाजी विकायला बसायची. हे मी गमतीनं म्हणते आहे असं कुणाला वाटेल, पण खुद्द मावशींना त्यात गमतीसारखं काहीच वाटत नसे. "सरकारी हाय ना? मंग आपलंच हाय की," एवढा एकच कायदा त्यांना ठाऊक होता आणि तो त्या अतिशय सौम्यपणे, पण जराही मागे न सरता, सगळीकडे लागू करायच्या. त्यांचं नाव आम्ही कुणी कधी विचारलं नाही. त्या आम्हा सगळ्यांच्या मावशी होत्या, अगदी त्यांच्याहून वयानं मोठ्या असलेल्या आमच्या हेडक्लार्कच्या, म्हणजे बडे बाबूंच्यासुद्धा.

मी लग्न होऊन वसमतला आले आणि थोड्याच दिवसांत या कचेरीत कारकून म्हणून लागले. तेव्हा आम्ही परभणी जिल्ह्यात होतो, हिंगोली जिल्हा व्हायला अजून अवकाश होता. कचेरीत बाई म्हणून मी एकटीच. माझी खुर्ची रस्त्याकडच्या खिडकीपाशी होती, त्यामुळे कामात लक्ष नसेल तेव्हा, म्हणजे बराच वेळ, मला मावशी दिसायच्या. अंगानं उंच, काटक, हिरवं नाहीतर जांभळं नऊवारी लुगडं, आणि त्याखाली पायांत शाळेच्या कवायतीला घालतात तसले पांढरे कॅनव्हासचे बूट. पहिल्यांदा ते बूट पाहून मी खिडकीतून जरा जास्तच वाकले असेन, कारण त्यांनी वर बघून आपणहून खुलासा केला, "पोरगं वाढलं बाई, बूट न्हाई वाढले." मुलाच्या पायाला होईनासे झालेले बूट त्यांनी स्वतःच्या पायांत घातले होते आणि मग त्यांना ते इतके मानवले की पुढे त्या तसलेच नवे घ्यायला लागल्या.

मावशींचं गाव एसटीनं तासाभराच्या अंतरावर होतं. घरात मेंढरं, थोडी कोरडवाहू जमीन, म्हातारा सासरा आणि मेंढरांमागे फिरणारा नवरा. नवऱ्याबद्दल त्या फारसं बोलत नसत. कधी विषय निघालाच तर म्हणायच्या, "आमचा मालक दिसभर मेंढरासंगं बोलतो, घरी येईस्तोर त्याचं बोलणं सरून जातंय." आसपासच्या मळ्यांतून भाजी उचलायची, पहिल्या गाडीनं वसमतला यायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत, असा त्यांचा क्रम होता. गाडीच्या टपावर पाट्या चढवताना कंडक्टरनं कुरकुर केली तर त्याचं उत्तरही ठरलेलं असायचं, की गाडी काही त्याच्या सासऱ्यानं हुंड्यात दिलेली नाही.

भाजी विकण्याची त्यांची रीत मी अजून दुसऱ्या कुणाकडे पाहिलेली नाही. गिऱ्हाईकाला काय हवं आहे याला त्यांच्या लेखी फारशी किंमत नव्हती. ती भाजी घरी जाऊन कोण खाणार आहे, हे त्या आधी विचारून घ्यायच्या. बाळंतीण घरात असेल तर वांगं नाही. लेकराला खोकला असेल तर काकडीला हात लावायचा नाही. बडे बाबू एकदा गवार घ्यायला गेले. ते शिस्तीचे गृहस्थ होते, डोक्यावर काळी टोपी आणि बोलण्यात कायम कुठला तरी नियम. मावशींनी गवार पाटीतल्या पाटीत झाकून ठेवली आणि दुधी पुढे केला. बाबूंच्या आईचे दात गेल्याच महिन्यात पडले होते, ते मावशींना कुठून तरी कळलं होतं. बाबू म्हणाले, पैसे मी देणार, तेव्हा काय घ्यायचं ते मी ठरवणार. मावशी शांतपणे म्हणाल्या, "पैसे तुमचे, पर दात म्हातारीचे." बाबू दुधी घेऊन आले. त्यानंतर कित्येक वर्षं त्यांच्या घरात मावशी ठरवतील तीच भाजी शिजत होती. बाबूंची पत्नी एकदा मला म्हणाली की घरात निदान एका गोष्टीवरून वाद मिटले.

पण भाजी हा मावशींच्या दिवसाचा एक भाग झाला. दुसरा भाग म्हणजे आपल्या इस्टेटीची देखरेख. भर दुपारी गिऱ्हाईक नसायचं, ऊन कुंपणावर यायचं, तेव्हा शेजारणीला पाटीवर लक्ष ठेवायला सांगून त्या फेरफटक्याला निघायच्या. गावातल्या प्रत्येक सार्वजनिक नळाचं पाणी त्यांनी चाखून ठेवलं होतं. कोर्टाचं पाणी मचूळ. दवाखान्यातल्या पाण्याला औषधाचा वास. स्टँडवरचं पाणी सकाळी गोड, दुपारनंतर शिळं. सगळ्यात थंड पाणी पोलीस ठाण्याच्या माठात असायचं, पण तिथे जाणं लोकांना नको वाटायचं. मावशींना वाटत नसे. पहिल्यांदा गेल्या तेव्हा टेबलामागच्या हवालदारानं रीतसर विचारलं, काय तक्रार आहे. मावशी म्हणाल्या, "तहान." हवालदारानं पेन खाली ठेवलं. मग उठून त्यानं स्वतः माठातून पेला भरून दिला, आणि पुढे मावशी दारात दिसल्या की तोच आतल्या माणसांना सांगायचा, तहानेची केस आली आहे.

उन्हाळ्यात त्या बँकेत जायच्या. बँकेत पंखे चांगले होते. बाकड्यावर पाळीची वाट बघणाऱ्या माणसांच्या शेवटी जाऊन बसायचं, एकेक माणूस उठेल तसं पुढे सरकायचं, आणि आपली पाळी आली की शांतपणे उठून पुन्हा शेवटी जाऊन बसायचं, असं त्यांचं चालायचं. बरेच दिवस हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण बँकेत अशा फेऱ्या काम असलेल्या माणसांनाही मारायला लागत. शेवटी मॅनेजर बाहेर आले आणि त्यांनी विचारलं, तुमचं इथं खातं आहे का. मावशी नाही म्हणाल्या. मग काय काम आहे? काम काही नाही, नुसत्या बसून राहिल्या आहेत. मॅनेजर म्हणाले, इथं कामाशिवाय बसता येत नाही. मावशींनी काउंटरच्या पलीकडे एक सावकाश नजर फिरवली आणि विचारलं, "मंग ह्ये समदे कामासाठी बसलेत व्हय?" मॅनेजर चांगला माणूस असावा. त्यानं पंख्याखाली, पाळीच्या बाकड्याच्या अलीकडे, एक जुनं बाकडं टाकून घेतलं. त्यावर पुढे मावशींच्या बाजूला एक चांभार, एक चाव्या करून देणारा आणि क्वचित स्वतः मॅनेजरही बसलेले मी पाहिले आहेत.

आमच्या कचेरीच्या मागे एक मोठी मोकळी जागा होती. तिथे वेड्या बाभळी माजल्या होत्या आणि कधीकाळच्या एका भिंतीचा तुकडा उभा होता. ती जागा कुणाची, कशासाठी राखलेली, हे कुणाला माहीत नव्हतं. कुंपणाशी बसणाऱ्या सगळ्या भाजीवाल्या, बांगड्या विकणारी एक, स्टँडजवळ चहाची गाडी लावणारी एक, अशा साऱ्याजणी आडोशाला तिथे जायच्या. हे आम्हाला माहीत होतं, आणि आपल्याला माहीत नाही असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. एक वर्षी तिथे दुकानांचे गाळे काढायचं ठरलं. आठवड्याभरात बाभळी निघाल्या, भिंत पडली, सगळीकडून तारेचं कुंपण झालं. पुरुषांचं यात काही अडलं नाही. त्यांना अख्खं शहर मोकळं होतंच. बायकांचं काय झालं असेल, हा प्रश्न मात्र गाळ्यांच्या बोलीच्या गडबडीत कुणाला सुचला नाही.

मला खिडकीतून एवढंच दिसलं की मावशी फिरायच्या बंद झाल्या. ना कोर्ट, ना बँक, ना ठाण्यातला माठ. दिवसभर एका जागी बसून राहायच्या, चेहरा ओढलेला. शेजारणींची चेष्टामस्करीही थांबली होती. मला वाटलं, आपसात काही भांडण झालं असेल. मग एका दुपारी कोथिंबीर आणि लिंबं विकणारी त्यांच्यातली एक तरुण बाई बसल्या जागी आडवी झाली. मावशींनी तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर तिच्यावर रागावले. पाणी का पीत नाहीस, लघवी का तुंबवून ठेवतेस, आत सगळं सुजलं आहे, म्हणाले. औषध दिलं आणि भरपूर पाणी प्यायला सांगितलं. ती परत येऊन पाटीपाशी बसली, आणि पाणी काही प्यायली नाही. एकीही पीत नव्हती. घर सोडल्यापासून घरी पोचेपर्यंत, उन्हात, एक घोटसुद्धा नाही.

हे सगळं मावशींनी मला खिडकीशी येऊन सांगितलं. मी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मावशी, माझंही तेच आहे." हे मी तोवर कुणालाच बोलले नव्हते, नवऱ्यालासुद्धा नाही. "तुमी काहून?" मावशी म्हणाल्या. "तुमच्या हापिसात तर बायांचं येगळं हाय. पाटीवर बाईचं चित्र बी हाय." पाटी होती, चित्रही होतं. पण दाराला कुलूप होतं आणि आत जुनं रेकॉर्ड भरलेलं होतं. मी नोकरीला लागायच्या आधी कचेरीत बाई नव्हती, मग रिकामी खोली कशाला ठेवायची म्हणून गठ्ठे आत गेले, आणि मी आल्यावर ते बाहेर काढायचं कुणाच्या मनात आलं नाही. मी कधी मागितलंही नाही. मागायचं म्हणजे बडे बाबूंच्या टेबलासमोर उभं राहून ते मोठ्यानं म्हणायचं. मधल्या सुट्टीत मी घाईघाईनं घरी जाऊन यायचे आणि तिथेच भागवायचे.

मग मावशींनी विचारलं, "आन साहेबाचं?"

साहेबांचं त्यांच्या केबिनला लागूनच आहे, मी सांगितलं.

"सरकारी हाय?"

म्हटलं, सरकारीच.

"मंग झालं की," म्हणाल्या आणि आपल्या जागेवर जाऊन बसल्या.

आमचे साहेब तेव्हा नुकतेच साताऱ्याकडून बदलून आले होते. इतका मवाळ माणूस मी सरकारी नोकरीत दुसरा पाहिला नाही. ते शिपायालासुद्धा अहोजाहो करायचे आणि रागावले की फाइलीकडे बघून बोलायचे. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे तीन-चार गावचे सरपंच बसले होते, चहा आला होता, कुठल्याशा बंधाऱ्यावर बोलणं चाललं होतं. मावशी पांढरे बूट घालून सरळ आत गेल्या. साहेबांना राम राम केला, सरपंचांना राम राम केला, खुर्च्यांच्या मधून वाट काढत पलीकडच्या दारापाशी गेल्या, आत शिरल्या आणि कडी लावली. शिपाई दारात उभा राहून हे बघत होता. तो मला पुढे कित्येकदा सांगायचा की त्या वेळात कुणी चहाचा कपसुद्धा उचलला नाही. साहेब टेबलावरच्या काचेखाली ठेवलेलं कॅलेंडर वाचत होते. नळाचा आवाज आला, कडी निघाली, मावशी पदराला हात पुसत बाहेर आल्या. "लई चांगलं ठिवलंय साहेब," त्या म्हणाल्या, "फकस्त साबण सरून राहिलाय." आणि गेल्या.

साहेबांनी नवा साबण मागवला. यावरून त्यांचा स्वभाव कळावा. दुसऱ्या दिवशी मावशींबरोबर कोथिंबीरवाली होती. तिसऱ्या दिवशी चहावालीही आली. शिपाई दारात आडवा हात धरून उभा राहिला आणि साहेबांकडे काय काम आहे ते आधी मला सांगा, म्हणाला. मावशी त्याला म्हणाल्या, "त्ये सांगायला मला लाज वाटंल बाबा, आन ऐकायला तुला." त्यानं हात खाली घेतला.

चौथ्या दिवशी साहेबांनी मला बोलावलं. फाइलीकडे बघत विचारलं, या बाई तुमच्या ओळखीच्या आहेत का. मी हो म्हटलं. त्यांना नेमकं हवंय तरी काय, त्यांनी विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "साहेब, जे मलाही हवंय ते." साहेब कानापर्यंत लाल झाले. मला वाटलं आता माझी काही खैर नाही. पण ते उठले, बाहेर आले, बडे बाबूंच्या टेबलापाशी उभे राहिले आणि त्यांनी चावी मागितली. बाबू म्हणाले, आत निजामाच्या काळातलं रेकॉर्ड आहे, उर्दूतलं आहे, ते हलवता येत नाही. साहेबांनी विचारलं, तुम्हाला ते वाचता येतं का. बाबू नाही म्हणाले. इथं कुणाला येतं का? कुणालाच येत नव्हतं. "मग ते तुमच्या खोलीत ठेवू, तिथेही ते कुणाला वाचता येणार नाही," साहेब म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं मोठं वाक्य कचेरीनं पहिल्यांदाच ऐकलं. त्या दिवसापासून बडे बाबू निजामाच्या गठ्ठ्यांच्या मध्ये बसायला लागले. दारातून पाहिलं तर फक्त त्यांची टोपी दिसायची.

नळ दुरुस्त झाला, दाराला नवी कडी आली, आणि मावशींनी ती जागा ताब्यात घेतली. त्यांची शिस्त अशी होती की आमच्या कचेरीत दुसरं काहीच तितक्या वेळेवर होत नव्हतं. बाहेरच्या बायकांनी मागच्या फाटकानं यायचं. चपला बाहेर. पायरीवर बसून गप्पा मारायच्या नाहीत. स्वच्छतेची पाळी प्रत्येकीनं घ्यायची, आणि प्रत्येकीत मीसुद्धा होते. मी सरकारी नोकर आहे, असं मी चाचरत म्हणून पाहिलं. मावशी म्हणाल्या, "तुमी बी वापरता ना बाई? मंग बेस्तरवार तुमचा." त्यानंतर दर गुरुवारी मी कचेरी उघडायच्या आधी जाऊन हातात खराटा घेत असे. माझ्या सासूबाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी दिवसभर माझ्या हातचा चहा घेतला नाही. संध्याकाळी मात्र हळूच विचारलं, तिथे गावच्या बायका पण येतात का, आणि बाजाराच्या दिवशी मला यावं लागलं तर चालेल का.

असं दोनेक वर्षं बरं चाललं. मग साहेबांची बदली झाली. जाताना त्यांनी मावशींचा निरोप घेतला, मावशींनी त्यांना वाटेसाठी दोन लिंबं दिली. नवीन साहेब उत्साही होते आणि त्यांना सगळं नीटनेटकं लागे. आल्या आल्या त्यांनी विचारलं, ही कचेरी आहे की भाजीबाजार. मागच्या फाटकाला कुलूप लागलं. बाहेरच्या कुणालाही आत यायला बंदी झाली, आणि मला एकटीला स्वतंत्र चावी मिळाली. ती चावी माझ्या टेबलाच्या खणात असायची आणि मला सतत ती तिथे असल्याची जाणीव व्हायची. तिसऱ्या दिवशी मी ती घेऊन बाहेर मावशींकडे गेले आणि म्हणाले, नवे साहेब दुपारी जेवायला घरी जातात, तेवढ्या वेळात तुम्ही सगळ्या येऊन जात जा. मावशींनी चावी हातात घेतली नाही.

"तुमची नोकरी जाईल बाई," त्या म्हणाल्या. "आन चोरूनच जायचं आसतं, तर बाभळी काय वाईट व्हत्या?"

मी चावी घेऊन परत आले. दुसऱ्या दिवशी खिडकीखाली कुंपण मोकळं होतं. शिपाई बाहेरून बातमी घेऊन आला की सगळ्याजणी आपापल्या पाट्या घेऊन नगरपरिषदेच्या पायऱ्यांवर जाऊन बसल्या आहेत. मोर्चा वगैरे काही नाही, घोषणा नाहीत, नुसती भाजी विकून राहिल्या आहेत. तिथल्या लोकांनी हटकलं तर मावशी म्हणाल्या, इथं आतमध्ये बायांची सोय आहे, आम्हाला इथं जवळ पडतं. दवाखान्यात नेलेली ती कोथिंबीरवाली सगळ्यात वरच्या पायरीवर बसली होती. गिऱ्हाइकं त्यांच्या मागे तिकडेच गेली. टॅक्स भरायला आलेला माणूस पावशेर मिरची घेऊन जायला लागला. बाकी कामकाज कसं चालत होतं मला माहीत नाही, पण तिथली बाबू मंडळी सकाळी आत शिरताना पाय कुठे ठेवायचा ते पाहून ठेवत, आणि ज्यांचा पाय मेथीवर पडला त्यांना ती विकत घ्यावी लागे. मधे एकदा पोलीस बोलावले. तोच तहानेच्या केसवाला हवालदार आला. त्यानं मावशींना तब्येत विचारली आणि दोडकी घेऊन गेला.

शेवटी भाजीबाजाराच्या मागे बायकांसाठी शौचालय बांधायचं ठरलं. ते पुरं व्हायला दोन पावसाळे गेले. तोवर आमचा जिल्हा हिंगोली झाला होता आणि नवीन जिल्ह्यात ज्याचं त्याचं उद्घाटन होत होतं. याचंही ठरलं. मांडव पडला, दाराला लाल फीत बांधली, पेढे आले, खुर्च्या मांडल्या. मावशींना पुढच्या रांगेत बसवायचं असं कुणीतरी ठरवलं होतं, आणि मी मुद्दाम रजा काढून त्यांच्या शेजारी जाऊन बसले होते. पाहुण्यांना उशीर झाला. ते येईपर्यंत आधीच्या वक्त्यांनी वेळ भरून काढायचं ठरवलं. मातृशक्तीवर एक भाषण झालं, मग अजून एक. मावशी पहाटेच्या गाडीनं निघाल्या होत्या. त्या दोनदा चुळबुळल्या, मग उठल्या, मांडवाच्या कडेनं दारापाशी गेल्या, फितीखालून वाकून आत शिरल्या. माईकवरचे गृहस्थ मध्येच थांबले. कुणीतरी धावत दाराशी गेलं आणि अजिजीनं म्हणालं, मावशी, अहो उद्घाटन व्हायचंय.

आतून आवाज आला, "झालं."

पाहुण्यांनी नंतर फीत कापली, टाळ्याही झाल्या. स्थानिक पेपरात फोटो आला, त्यात फितीच्या मागे, अर्धवट उघड्या दारात, मावशी उभ्या आहेत. बातमीत त्यांचा उल्लेख नव्हता. मी फोटो दाखवला तेव्हा त्यांनी तो जवळ धरून, दूर धरून पाहिला आणि एवढंच म्हणाल्या की पाण्याची टाकी वर बसवायला पाहिजे होती.

नंतरची काही वर्षं त्या पुन्हा आमच्या कुंपणाशी येत राहिल्या, मग त्यांच्या खेपा कमी झाल्या, आणि एका दिवाळीनंतर त्या आल्याच नाहीत. कोथिंबीरवालीकडून कळलं की मुलानं हळदीचा धंदा सुरू केला आहे, त्याचं बरं चाललं आहे, आणि आईनं रस्त्यावर बसून भाजी विकावी याची त्याला लाज वाटून राहिली आहे. मी मनाशी म्हटलं, मावशी काय ऐकतात. पण त्या ऐकल्या होत्या.

पुढे मतदारयाद्यांच्या कामावर माझी नेमणूक त्यांच्याच गावाला झाली. काम संपल्यावर मी घर विचारत गेले. ओट्यावर मावशींचा सासरा बसला होता, फार म्हातारा, डोळ्यांनी अधू. खाली मावशींचे मालक एका कोकराचा पाय बांधत होते. मी ओळख सांगितली. आत चुलीपाशी हालचाल झाली आणि दारात एक बाई आली. तोंडावर नाकापर्यंत पदर, नजर खाली. मी विचारणारच होते की मावशी कुठे आहेत, आणि मग ओळखलं. त्यांनी मला खुणेनं बस म्हटलं, चहा आणून ठेवला, आणि दाराआड जमिनीवर बसल्या. मी सासऱ्याला मोठ्यानं सांगायला लागले की तुमच्या सूनबाईंना वसमतमध्ये सगळे ओळखतात, एकदा तर असं झालं की उद्घाटनाची फीत बांधलेली होती आणि... दाराआडून एक हात वर आला आणि हळूच नाही म्हणून हलला. मी थांबले आणि म्हणाले, उद्घाटनाला आम्ही शेजारी शेजारी बसलो होतो. म्हातारा मान डोलावत म्हणाला, "आमची सून लई गरीब हाय बाई. इतके वरीस झाले, तिच्या तोंडून शब्द ऐकला न्हाई मी." मालकांनी कोकराला खाली ठेवलं आणि दाराकडे एकदा पाहिलं. मला वाटतं त्यांना हसू येत होतं.

गाडीपर्यंत सोडायला मावशी माझ्याबरोबर निघाल्या. गाव मागे पडेपर्यंत त्या दोन पावलं मागून चालत होत्या. ओढा ओलांडून वळण घेतलं, घरं दिसेनाशी झाली, तसा त्यांनी पदर मागे सारला, कमरेला खोचला आणि एकदम माझ्या बरोबरीनं चालायला लागल्या. आणि मग त्या बोलायला लागल्या. बाबूंची म्हातारी आहे का अजून, त्या हवालदाराला बढती मिळाली का, टाकी वर बसवली का, बँकेत आता गार हवेचं यंत्र लावलंय म्हणतात ते खरं आहे का. माझी उत्तरं पुरी व्हायच्या आधीच त्यांचा पुढचा प्रश्न तयार असायचा. रस्त्याला लागल्यावर आम्ही एका दगडावर बसलो. गाडी लांबून येताना दिसली.

"माझ्या जागंवर आता कोन बसतंय?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, एक तरणा माणूस बसतो, मोबाईलची कव्हरं विकतो. कुंपणाच्या तारेला टांगून ठेवतो सगळी, लाल, निळी. सांगताना मला वाईट वाटत होतं. त्या जागेवर इतकी वर्षं काढलेल्या बाईला हे ऐकून काय वाटेल, असं मनात आलं.

"बसू द्या," मावशी म्हणाल्या. "जागा काय माझी थोडीच व्हती."

गाडी थांबली. मी चढून खिडकीशी बसले आणि हात केला. त्यांनीही केला. मग गावाकडे तोंड करून त्यांनी खोचलेला पदर सोडवला, नाकापर्यंत पुढे ओढला, आणि वळणाच्या पलीकडे गेल्या.